सोमवार : विश्रांती

साताऱ्याची हिल मॅरेथॉन 21 किलोमीटरची. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं थोडं पुढे जायचं आणि तिथून पाठ फिरवून, घाम गाळून मिळवलेली सगळी उंची उतरत परत यायचं. "कासला चाललीच आहेस तर फुलं बघून ये," सासूबाई म्हणाल्या. म्हटलं, फुलांचं पठार बरंच पुढे आहे, आम्ही अलीकडूनच वळतो. "मग जातेस कशाला?" याचं उत्तर क्रीडाशास्त्राच्या एकाही पुस्तकात नाही.

शर्यत पावसाळा सरत आला की असते, म्हणजे तयारी ऐन पावसात. ग्रुपच्या सरांनी 16 आठवड्यांचा तक्ता दिला. असे तक्ते जगभर साधारण सारखेच असतात आणि त्यातल्या बऱ्याचशांचं कूळ न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डपर्यंत पोचतं. हा गृहस्थ बुटांच्या कारखान्यात नोकरी करायचा आणि फावल्या वेळात ऑकलंडमधली पोरं पळवायचा. आधी महिनोन्‌महिने लांब पल्ल्याचं पळून पाया भरायचा, मग टेकड्या, मग वेग, आणि शर्यत जवळ आली की हात आखडता. पीटर स्नेल हा त्याचा 800 मीटरचा धावपटू. त्यालासुद्धा तो डोंगराळ रस्त्यानं 35 किलोमीटर पळवून आणी. पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीसाठी ही एवढी पायपीट म्हणजे वाटीभर चटणीसाठी पोतंभर नारळ फोडण्यासारखं; पण 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलनं सुवर्णपदक घेतलं, आणि त्याच दिवशी लिडियार्डच्याच मरे हॅलबर्गनं 5000 मीटरचं. त्यानंतर नारळांबद्दल कुणी तक्रार केली नाही.

लिडियार्डच्या तक्त्यात फक्त श्रावण नव्हता. माझ्या तक्त्यात टेकडीचे चढ मंगळवारी, आणि श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर. सकाळी वेताळ टेकडीवर वर-खाली करायचं आणि संध्याकाळी कुणाच्या तरी सुनेसाठी झिम्मा-फुगडी. सरांना विचारलं तर म्हणाले, "एवढं उड्या मारणं नको." त्यांनी बसफुगडी कधी पाहिलेली नसावी. उकिडवं बसून, समोरचीचे हात धरून, एकेक पाय पुढे फेकत उड्या मारायच्या, वर गाणंही म्हणायचं. जिममध्ये याच धर्तीच्या उड्यांना प्लायोमेट्रिक्स म्हणून वेगळे पैसे घेतात. शिवाय घाटाच्या शर्यतीत मांड्यांचं खरं कंबरडं मोडतं ते उतारावर. चढताना स्नायू आखडत काम करतो. उतरताना मात्र तो ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. त्यानं त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं. गंमत अशी, की एकदा असं सडकून दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तोच मार स्नायूंना कमी लागतो. म्हणून शर्यतीआधी मुद्दाम उतार पळून घ्यायचे असतात.

वेगाचं गणित मनगटावरचं घड्याळ सांभाळतं. 220 वजा वय, म्हणजे माझ्या हृदयानं मिनिटाला 171 ठोक्यांपुढे जायचं नाही. हे सूत्र फॉक्स आणि हॅस्केल या दोघा अमेरिकनांनी 1971 च्या सुमारास इतरांच्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून, नजरेच्या अंदाजानं रेघ ओढून काढलं. त्यासाठी वेगळा प्रयोग असा केलाच नव्हता. त्यापेक्षा सरांची कसोटी बरी : पळताना सलग वाक्य बोलता आलं तर वेग सावकाश, धाप लागून शब्द तुटले तर जास्त. मात्र ही कसोटी पुरुषांवर बेतलेली असावी. आमच्यातली एक जण टेकडीच्या चढावर धाकट्या जावेचं प्रकरण उपकथानकांसह सांगते. तिचा वेग मोजायचा तर विषय बदलावा लागतो.

हे सगळं जमलं. पहाटे चारचा गजर जमला, भिजके बूट जमले, रविवारचे लांब पल्ले जमले. अडलं ते सोमवारपाशी. सोमवारच्या चौकोनात सरांनी लिहिलं होतं, 'विश्रांती'.

शास्त्र सांगतं की पळून माणूस तगडा होत नाही. पळून तो फक्त मोडतो. मोडलेलं शरीर विश्रांतीत दुरुस्त होतं, आणि पुन्हा असा प्रसंग आला तर असू द्यावं म्हणून किंचित जास्तच दुरुस्त होतं. तेवढी किंचित जास्तच आपली कमाई. विश्रांती गाळली तर हातात नुसती मोडतोड उरते. श्रावणी सोमवारचा उपासही इथे कामाला येतो, कारण रविवारी रिकामा झालेला पिष्टाचा साठा भरायला साबुदाण्याएवढा नेक पदार्थ शोधून मिळणार नाही.

पण तक्ता फ्रिजवर लावलेला. तो घरादारानं वाचला आणि सर्वांना एकच गोष्ट कळली, की सोमवारी ही मोकळी असते. बँकेतलं काम सोमवारी. गॅसवाला सोमवारी. नणंदेला डॉक्टरकडे न्यायचं, सोमवारी. ह्यांनी तर माळा आवरायचा बेत 'तुझ्या सुट्टीच्या दिवशी' म्हणून जाहीर केला. संध्याकाळी घड्याळ थरथरलं : अभिनंदन, आजचं पावलांचं उद्दिष्ट पूर्ण! बाई 18 किलोमीटर पळून आली तर सोसायटीतले लोक दारात थांबून कौतुक करतात. तीच बाई दुपारी पलंगावर दिसली तर विचारतात, बरं नाही का?

शेवटी मी चौकोन खोडून नव्यानं लिहिला : 'सोमवार, दुपारी 2 ते 3.30. आडवं पडणे. पाय भिंतीला टेकवून, 90 अंशांत. मध्ये उठू नये.' मिनिटं आणि कोन लिहिला की आमच्या घरात कशालाही शास्त्र म्हणतात. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मुलानं कोनमापक हवा का विचारलं.

सासूबाई दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. "यानं गुडघ्यांना बरं वाटतं?" वाटतं म्हटलं. पुढच्या सोमवारी भिंतीला चार पाय होते. त्यानंतर राखणही त्यांनीच घेतली. फोन आला की खणखणीत आवाजात सांगायच्या, "तिचा व्यायाम चाललाय. हो, माझाही."

शर्यत झाली. घाटात धुकं होतं, वळणावर ढोल-ताशा होता, उतारावर मांड्यांनी अपेक्षेप्रमाणे दगा दिला. परत आल्यावर मी फ्रिजवरचा तक्ता काढला, तशा सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"पुढची शर्यत कधी आहे गं?"

"अहो आई, अजून कठडा धरून जिना उतरतेय मी."

"पळायचं तू बघ गं निवांत. उद्या सोमवार आहे म्हणून विचारलं."