कोपऱ्यावरच्या काकांची गाडी

अहो वहिनी, नळ जरा बंद करता? काही ऐकूच येत नाही. हं. कोपऱ्यावरचे काका-काकू आले बरं का फ्लोरिडाहून. दरवर्षी एप्रिलात येतातच, खरंय. पण गाडी कुठाय? टॅक्सीतून उतरले! काकूंच्या हातात लोणच्याची बरणी आणि काकांचं तोंड एवढंसं. मी तेव्हाच ओळखलं, काहीतरी घडलंय.

ठोकली हो. टॅम्पाला, डावीकडे वळताना. लागलं कुणाला नाही. चूक काकांचीच, असं काकू म्हणतात. काकांच्या ड्रायव्हिंगबद्दल काकूंचं मत काय आहे, ते तुम्हाला ठाऊक आहेच. पण खरी गंमत पुढेच. विमा इथला, न्यू जर्सीचा. प्लेट इथली, पत्ता इथला. क्लेम टाकल्यावर कंपनीच्या बाईचा फोन आला, तो नेमका काकूंनी उचलला. बाईने साधं विचारलं, गाडी फ्लोरिडात कधीपासून आहे? काकू म्हणाल्या, दिवाळीचा फराळ संपला की आम्ही निघतो, पाडव्याची गुढी तिकडेच उभारतो, मग परत. आणि दिवाळी कधी येते तेही त्या बाईला समजावून सांगितलं. तारखेसकट!

हसू नका, बिचाऱ्या काकू खरं तेच बोलल्या. आता फ्लोरिडाचा कायदा असा, की मागच्या ३६५ दिवसांत गाडी ९० दिवसांपेक्षा जास्त तिथे राहिली, तर तिथल्या नियमांप्रमाणे विमा हवा. सलग नव्वद नव्हे हो, मधे जाऊन आलात तरी बेरीज होतच राहते. दिवाळी ते पाडवा म्हणजे तुम्हीच मोजा.

आणि काकांइतका दिवस मोजणारा माणूस आपल्या गल्लीत दुसरा नाही! पण त्यांच्या डोक्यात आकडा एकच, १८३. जर्सीत घर ठेवून १८३ दिवसांहून जास्त राहिलात की जर्सी तुम्हाला रहिवासी धरून इन्कम टॅक्स लावणार. फ्लोरिडात राज्याचा इन्कम टॅक्सच नाही. म्हणून मतदान तिकडचं, टॅम्पाच्या घरावर होमस्टेडची सवलत, सगळं कागदोपत्री चोख. जुलैत मुलीकडे कॅलिफोर्नियाला जातात ना, काकूंना वाटतं नातवासाठी. काकांच्या वहीत ते दिवस वजाबाकीत असतात!

म्हणजे टॅक्सवाल्यांना सांगायचं मी फ्लोरिडाचा, आणि विमावाल्यांना सांगायचं मी जर्सीचा. त्यांना तुमच्या मतदानाशी काय करायचंय? गाडी रात्री कुठे उभी असते, ते त्यांना हवं असतं. हप्ता ठरवताना ते बघतातच. आठवडाभर डिस्नेला नेली तर तीच पॉलिसी चालते, कुठल्याही राज्यात चालते. तिकडे संसार मांडलात की मग सहल कसली?

नाही, क्लेम नाकारलेला नाही अजून. मंजूरही नाही. कागद मागताहेत. आधीच सांगितलं असतं तर फार तर हप्ता बदलला असता.

आमच्या ह्यांचं म्हणणं, त्यापेक्षा तिकडे एक वेगळी जुनी गाडीच ठेवावी, तिकडची प्लेट, तिकडचाच विमा. मी म्हटलं, ठेवा, पण एप्रिलात परत येताना पैसे वाचवायला विमा बंद करायला जाल, तर आधी ती प्लेट परत करा. नाहीतर लायसन्सच निलंबित करतात तिकडे. आणि गाडी ठेवून यायची तर कॉम्प्रिहेन्सिव्ह काढू नका. २०२२ च्या सप्टेंबरात इयन वादळ आलं तेव्हा फोर्ट मायर्सला गाड्या पाण्यात बुडाल्या होत्या, आठवतंय? पुराचं नुकसान त्या कव्हरातच मिळतं. वादळ दारात आल्यावर फोन केलात तर कोणी देत नाही.

आणि एक ऐका, ते मला फार खटकतं. जर्सीत २०२६ च्या जानेवारीपासून स्टँडर्ड पॉलिसीत दुसऱ्याला इजा झाली तर माणशी किमान ३५,००० डॉलरचं कव्हर सक्तीचं आहे. फ्लोरिडात साध्या गाडीला ते सक्तीचंच नाही! स्वतःच्या उपचारांसाठी १०,००० आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी १०,०००, एवढं घेतलं की गाडी रस्त्यावर. म्हणजे उद्या कोणी आपल्याला उडवलं, तर त्याच्याकडून काय मिळणार, डोंबल? तिकडचा विमा घेताना अनइन्शुअर्ड मोटरिस्ट नावाचं कव्हर असतं, ते मी तरी सोडणार नाही, मग हप्ता कितीही वाढो.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? गेल्या आठवड्यात हे टॅम्पाचं एक काँडो बघून आलेत. काकांच्याच कॉम्प्लेक्समधलं. त्यांना बोलू नका एवढ्यात. बरं, तुमचा भाचा विम्याचंच काम करतो ना? त्याच्याकडे दोन्ही राज्यांचं लायसन्स आहे का हो?