हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी बँकेच्या रांगेत उभी राहतात आणि आपण जिवंत आहोत असं लिहून देतात. काउंटरपलीकडचा साहेब समोरच्या माणसाकडे बघत नाही, कागदाकडे बघतो. माणूस खोकून दाखवेल, पण कागद म्हणेल तेच खरं.

हॉलिवूडच्या अशाच एका काउंटरवर नट विल्यम शॅटनर अडकले. १९६६ ते १९६९ या काळात 'स्टार ट्रेक' मालिकेच्या ७९ भागांत कॅप्टन कर्क होऊन त्यांनी 'एंटरप्राइज' हे अंतराळयान हाकलं, पुढे सात चित्रपटही केले. मग २००९च्या चित्रपटात दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स यांनी सगळा संसार नव्याने मांडला. कर्क झाला अठ्ठावीस वर्षांचा ख्रिस पाईन. त्याबद्दल तक्रार नाही, वय कोणाला चुकलंय? पण कर्कचा सहकारी स्पॉक मात्र दोन! तरुणपणीचा झॅकरी क्विंटो आणि उतारवयातले लेनर्ड निमॉय. आता हे निमॉय शॅटनर यांच्याहून चार दिवसांनी लहान. थोरल्याला ओसरीवर ठेवून धाकट्याला पाटावर बसवलं की घरोघरी जे होतं, तेच झालं. शॅटनर यांनी रुसवा चारचौघांत बोलून दाखवला.

निर्मात्यांचा खुलासा आला : कर्क १९९४च्या 'जनरेशन्स' चित्रपटात मेला आहे, नोंद आहे.

नोंद कुठली, तर ज्या विश्वात स्पॉक १९८२ साली मेला आणि १९८४ साली परत आला, तिथली. ज्या नव्या चित्रपटात म्हातारा स्पॉक कृष्णविवरातून शंभराहून अधिक वर्षं मागे येतो आणि व्हल्कन नावाचा अख्खा ग्रह नाहीसा होतो, तिथली. काळ उलटा फिरवता येतो, पण पुलाखाली सापडलेला एक कॅप्टन बाहेर काढता येत नाही! शिवाय कर्क आधी पाठीत वार होऊन मेला होता. चाचणीच्या प्रेक्षकांना ते मरण पसंत पडलं नाही, म्हणून पुन्हा चित्रीकरण करून त्याला पुलावरून पाडलं. म्हणजे मरण बदलून मिळतं, रद्द होत नाही.

शॅटनर यांनी आपल्या परीने दाखला आधीच जोडला होता. १९९६च्या 'द रिटर्न' कादंबरीत त्यांनी कर्कला जिवंत केलं होतं. पण अर्जदाराने स्वतःच सही-शिक्का मारलेला दाखला कोण धरणार? कर्कने रेकॉर्ड करून ठेवलेल्या शुभेच्छांचा एक प्रसंग लेखकांनी लिहिला खरा, तोही कागदावरच राहिला.

२०१६च्या 'स्टार ट्रेक बियाँड'मध्ये अखेर शॅटनर दिसले, पण फोटोत! दिवंगत स्पॉकच्या सामानातला जुन्या मंडळींचा तो फोटो. माणूस ८५ वर्षांचा, ठणठणीत. फक्त हार घालायचा राहिला होता. त्याच चित्रपटात परग्रहवासीयाची चिमुकली भूमिका 'ॲमेझॉन'वाले जेफ बेझोस यांना मात्र सहज मिळाली.

आणि १३ ऑक्टोबर २०२१ रोजी याच बेझोस यांच्या यानातून नव्वदीचे शॅटनर खरोखरीच्या अंतराळात जाऊन आले. जाणं-येणं मिळून दहाएक मिनिटं. पटकथेत सापडली नव्हती, तेवढीच. उड्डाणाआधी त्यांचे कागद कोणीतरी तपासले असतीलच. १९९४ साली वारल्याची नोंद तिथे कुणाला आढळली नाही.