माझा अनुशेष

आधी चहा सांगतो. घरीच बोलावलं असतं तुम्हाला, पण घरच्या गॅसपासून चार फूट अंतर राखण्याचा मला तोंडी आदेश आहे. दोन पातेली आणि एक कढई कामी आल्यावर तो निघाला. त्यावर अपील चालत नाही. म्हणून ही टपरी. इथे चहा दुसऱ्याच्या देखरेखीखाली उकळतो. बसा.

तर झालं असं, की वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला एडीएचडी निघाला. 'निघाला' हा आमच्या आईचा शब्द. जुनी भिंत पाडताना एखादा हंडा निघावा तसा. खरं म्हणजे आम्ही मुलीला दाखवायला गेलो होतो. रामदासपेठेतले डॉक्टर शांतपणे विचारत होते, वस्तू हरवते का? समोरून बोललेलं ऐकूच आलं नाही असं करते का? हाती घेतलेलं काम अर्ध्यावर सोडते का? बायको प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणत होती, पण पाहत माझ्याकडे होती. चौथ्या प्रश्नापासून डॉक्टरही माझ्याकडेच पाहू लागले. दोन आठवड्यांनी माझी तारीख लागली.

नियम असा आहे. लक्षणं एकूण अठरा. नऊ लक्ष न लागण्याची, नऊ चुळबुळीची आणि उतावीळपणाची. मोठ्या माणसाला कोणत्याही एका गटात पाच पुरतात. पहिल्या गटात माझी आठ झाली. नववा प्रश्न विचारला तेव्हा डॉक्टरांच्या मागच्या कॅलेंडरवर गेलाच महिना अजून का लटकतोय, याचा मी विचार करत होतो. "काय म्हणालात?" असं मी विचारल्यावर त्यांनी काही न बोलता तिथेही खूण केली. नऊपैकी नऊ. एवढे मार्क मला बोर्डात नव्हते.

शिवाय लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. त्याची काही खूण घरी आहे का, असं डॉक्टरांनी सहज विचारलं, आणि आईने माझं चौथीचं, १९८८ सालचं प्रगतिपुस्तक दहा मिनिटांत काढून दिलं. शेरा : 'हुशार आहे, परंतु लक्ष नसते.' माझी जन्मतारखेची झेरॉक्स त्या कपाटात तीन वर्षं सापडत नाहीये. हे मात्र सापडलं. "मी तं तेव्हाच म्हणत होती," आई म्हणाली. तिच्या तोंडावर जी प्रसन्नता होती ती मी माझ्या लग्नातही पाहिली नव्हती.

इथवर माझी तक्रार नाही. माणसाला निदान मिळालं की बरंच वाटतं. मी आळशी आहे, बेजबाबदार आहे, मुद्दाम करतो, अशा तीन-तीन फाइली होत्या, त्या एका कागदात बसल्या. मी आनंदात आहे. तक्रार पुढची आहे. मी मुद्दे काढून आणलेत.

मुद्दा क्रमांक एक : नाव. त्या इंग्रजी नावात सरळ 'लक्षाची तूट' असं लिहिलंय. मी ही तूट नाकारतो. लक्ष माझ्याकडे मुबलक आहे. आत्ता या क्षणी ते तुमच्याकडे आहे, त्या पंक्चरवाल्याच्या रेडिओकडे आहे, आणि पलीकडे एकाने तर्री पोह्यातले चणे वेचून बाजूला काढलेत त्याकडेही आहे. (काहून काढले असतील? चणे काढल्यावर तर्रीत राहिलं काय?) एवढं लक्ष एकाच वेळी पुरवणाऱ्या माणसाला तुटीचा म्हणायचं? तूट नाही साहेब, वाटपात घोळ आहे. निधी मंजूर आहे. तो जिथे हवा तिथे पोचत नाही, आणि नदी नाही तिथे पूल बांधून होतो.

हे मुंबईच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. पण नागपूरकराला? विदर्भाच्या वाट्याचं ठरलं त्या १९५३ च्या नागपूर करारापासून आपण दुसरं काय ओरडून राहिलो? दांडेकर समितीने १९८४ साली राज्याचा अनुशेष मोजून दिला, सुमारे ३१८७ कोटींचा. 'प्रादेशिक असमतोल' हा शब्द इथल्या पानठेल्यावरच्या पोरालाही पाठ आहे. पण तोच असमतोल माझ्या डोक्यात आहे म्हटलं, की हीच माणसं म्हणतात, "अरे, लक्ष देत जा ना बाप्पा!" विदर्भाला कोणी 'सिंचन करत जा' असं सांगितलं का?

आणि हिवाळी अधिवेशन घ्या. डिसेंबरात अख्खं सरकार नागपुरात येतं. रस्ते गुळगुळीत होतात, दुभाजकांना रंग लागतो, मोर्चे निघतात, आणि मग सगळं लक्ष मुंबईला निघून जातं ते पुढच्या डिसेंबरपर्यंत. याला संसदीय परंपरा म्हणतात. मी दूध गॅसवर ठेवून बाल्कनीत गेलो तर त्याला विकार म्हणतात.

बरं, लक्ष लागतं तेव्हाचं कौतुक कोणी करत नाही. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला मी विजेचं बिल भरायला बसलो. तेवढ्यात आठवलं, मुलीला मोतीबागेच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात न्यायचं कबूल केलंय. ते उघडं किती वाजेपर्यंत असतं ते आधी पाहून घेऊ. पहाटे सव्वातीनला मान वर केली तेव्हा हे संग्रहालय २००२ साली सुरू झालं, या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर असतं, आणि रूळ जवळजवळ टाकले की डोंगरात आखूड वळणं घेता येतात, खर्चही वाचतो, हे सगळं मला तोंडपाठ होतं. सहा तास पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो. वेळ पाहायची मात्र राहिली. आम्ही पोचलो तेव्हा दार बंद झालेलं होतं. बिलाचा विषय बायकोने दुसऱ्या दिवशी काढला. अंधारात.

डॉक्टर म्हणतात, हा मेंदूतल्या डोपामिनच्या कारभाराचा प्रश्न आहे. एखादी गोष्ट नुसती 'महत्त्वाची' आहे म्हणून हा मेंदू जागा होत नाही. ती नवी तरी हवी, गमतीची तरी हवी, नाहीतर तिला आग तरी लागलेली हवी. मी ज्या कार्यालयात नोकरी करतो तिथल्या सगळ्याच टेबलांचा कारभार याच तत्त्वावर चालतो. सव्वीस टेबलं आहेत. निदान एकाचंच झालं.

मुद्दा क्रमांक तीन : औषध. या आजाराचं सर्वांत गाजलेलं औषध, मिथिलफेनिडेट, लिआंद्रो पानिझ्झोन नावाच्या रसायनतज्ज्ञाने १९४४ साली स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत तयार केलं. त्याच्या बायकोचं नाव मार्गरीट, लाडाने रीटा. तिच्यावरून औषधाचं नाव पडलं रिटालिन. ही हकिकत मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितली. बायको भाजी निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "त्यानं औषधाला नाव दिलं जी बायकोचं. तुम्ही निदान केक तरी घेऊन या. काल होता वाढदिवस."

पण माझा मुद्दा वेगळा आहे. हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मिळूही नये; नियमनातलं औषध आहे. पण नऊ लक्षणांतलं एक लक्षण काय, तर आवश्यक कागदपत्रं हरवणे. ते कोणाच्या लक्षात आलं का? म्हणजे चिठ्ठी सांभाळता आली तर मला औषधाची गरज नाही, आणि औषधाची गरज असेल तर चिठ्ठी माझ्याकडे नाही. सरकारी नोकरीत मी पुष्कळ परिपत्रकं पाहिली, पण इतकं निर्दोष वर्तुळ पाहिलं नाही.

मुद्दा चार, सल्लागार. यांच्यासाठी दुसरा चहा लागेल. "आजकाल सगळ्यांनाच होते हे, मोबाईलमुळं." १९८८ साली आमच्या अख्ख्या गल्लीत एक फोन होता, त्यालाही कुलूप होतं. मोबाईलच म्हणाल तर अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने अशा भटक्या लक्षाबद्दल १७९८ साली पुस्तकात लिहून ठेवलंय. कुत्रं भुंकलं तरी ही माणसं सैरभैर होतात, असं. तेव्हा नागपूरच्या गादीवर दुसरे रघुजी भोसले होते. म्हणजे त्या काळी इथल्या एखाद्या वाड्यातही कोणीतरी पगडी शोधत फिरत असणार, आणि ती त्याच्या डोक्यावर असणार. त्याला बदाम खायला सांगणाराही असणार. मला आजवर तीन भाऊजी, एक मामेसासरे आणि आमच्या इमारतीचा चौकीदार यांनी रात्री भिजवलेले बदाम सुचवले. बदाम रात्री भिजत घालायचे असतात, हे रात्री आठवावं लागतं, हा त्या योजनेतला दोष मी सर्वांच्या निदर्शनास आणून दिला आहे.

मुद्दा दोन सापडला. पाकिटातच होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे. वाचन-लेखनाच्या विशिष्ट अडचणी त्यात आल्या, स्वमग्नता आली. आम्ही नाही. मी कोणावर आरोप करत नाही. यादी चालू असताना आमच्यातल्या कोणीतरी अर्ज भरायला घेतला असेल, आणि मग पेनाची रिफिल संपली असेल, आणि मग तो रिफिल आणायला सीताबर्डीला गेला असेल.

वेळेबद्दल मी फार बोलत नाही. माझ्याकडे दोनच वेळा आहेत, 'आत्ता' आणि 'आत्ता नाही'. पण आंघोळीचं पाणी काढताना "व्हरायटी चौकात आहो भाऊ, पोचूनच राहिलो" असं सांगणाऱ्या शहरात हा आजार कोणी कसा ओळखला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. इथल्या लग्नांना मी कायम वेळेवर असतो.

खरा अन्याय खुंटीचा आहे. डॉक्टरांनी सांगितलं, स्वतःला बदलायच्या मागे लागू नका, घर बदला. म्हणून दाराशेजारी एक खुंटी ठोकली, वर मुलीने लाल रंगाने 'किल्ली' लिहिलं. दीड वर्ष झालं, किल्ली हरवलेली नाही. फोनमध्ये सात गजर आहेत, त्यांतल्या एकाचं नाव 'आधीचा गजर बंद करून काय केलंस?' असं आहे. कुकरच्या शिट्ट्या मुलगी आणि मी मिळून मोजतो; दोघांचे आकडे जुळत नाहीत, मग बायको गॅस बंद करते. एकूण कारभार सुरळीत आहे. पण पाहुणे आले की बायको सांगते, "खुंटीनं फार सुधारणा झाली यांच्यात." खुंटीनं! सव्वा रुपयाच्या खिळ्याला श्रेय, आणि त्या खिळ्यापर्यंत रोज स्वतःच्या पायांनी चालत जाणाऱ्या माणसाचा उल्लेख नाही. परवा तिने खुंटी पुसलीसुद्धा. फडक्याने.

या सगळ्याची दाद कुठे मागायची? नागपुरात सोय आहे. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, पिवळीची तर १८८५ पासून, आणि तिच्यासोबत बडगे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, ज्याच्यावर राग असेल त्याचा पुतळा करायचा, इतवारी-महालातून वाजतगाजत फिरवायचा, आणि इडापिडा घेऊन जायला सांगून जाळून टाकायचा. 'लक्ष दे' म्हणणाऱ्यांचा एक बडग्या काढायचा, असं मी तीन वर्षांपूर्वी ठरवलं. बांबू आणले, रद्दी आणली, खळ शिजवायला लावली (मी नाही, आदेश लागू आहे). धड झालं, एक हात झाला. मग बांबूच्या विणकामाबद्दल थोडी माहिती वाचावी म्हटलं.

तो गच्चीवर उभा आहे, डोकं नाही. तीन पोळे त्याने तिथूनच पाहिले. यंदा मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्यानं होत नाही, डोकं मी करून देतो." मोठ्या जिद्दीने गच्चीवर गेली, जेवायलाही खाली आली नाही. संध्याकाळी वर जाऊन पाहिलं. बडग्याला तिने फार सुरेख चपला केल्या आहेत. अंगठासुद्धा आहे.