आदिमानवाच्या ताटात फ्लॉवरचा भात

पूर्वी माणसाला कूळ विचारलं, तर तो गोत्र सांगे, मूळ गाव सांगे, फार तर कुलवृत्तांत उघडून सात पिढ्या मागे जाई. आता वजनाचा काटा नव्वदीपुढे सरकला की तो थेट पंचवीस लाख वर्षं मागे जातो. ‘आपण मुळात शिकारी!’ हे तो लिफ्टची वाट बघत सांगतो. जायचं असतं पहिल्या मजल्यावर.

युक्तिवाद असा. माणूस लाखो वर्षं शिकारीवर जगला. शेती आली ती परवा, दहाबारा हजार वर्षांपूर्वी. एवढ्या अवधीत जनुकं काही बदलली नाहीत. सबब पोळी ही मानवी देहावर झालेली जबरदस्ती आहे. मऊ वरणभात भरवणारी आजीसुद्धा मग कटात सामील होती असं वाटू लागतं.

त्यानंतर ताट बदलतं. भाताच्या जागी किसलेला फ्लॉवर येतो. ज्वारीच्या जागी बदामाच्या पिठाची भाकरी येते. ती थापताना मोडते, उलटताना मोडते आणि महिनाअखेरीस कंबरडं मोडते. शिवाय पनीर, कारण आमचा शिकारी सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टीला शाकाहारी असतो. आता फ्लॉवर हा माणसानेच शेतात पिढ्यानपिढ्या निवडून घडवलेला. कोबी, नवलकोल, ब्रोकोली ही सगळी एकाच वनस्पतीची भावंडं. रानातला बदाम कडू, त्यातून सायनाइड सुटतं. गोड बदाम बागाइतदाराने दिला. पनीर हवं तर आधी म्हैस दावणीला बांधायला लागते. थोडक्यात, आदिमानवाच्या म्हणून वाढलेल्या या ताटातला एकही पदार्थ आदिमानवाने बघितलेला नाही.

त्याने खरोखर काय खाल्लं, हे तो मागे टाकून गेलाय. दक्षिण आफ्रिकेतल्या बॉर्डर गुहेत सुमारे १ लाख ७० हजार वर्षांपूर्वी भाजलेले, पिष्टाने भरलेले कंद सापडले. जॉर्डनमध्ये सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे पावाचे करपलेले तुकडे मिळाले. म्हणजे शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधी माणसं रानातलं धान्य दळून भाजत होती. टांझानियातले हाडझा लोक आजही शिकार करतात, कंद उकरतात आणि मधासाठी झाडावर चढतात. कंद, धान्य, मध! आमच्या शिकाऱ्याच्या फ्रिजवर चिकटवलेल्या यादीत नेमक्या याच तिघांवर लाल फुली आहे.

जनुकं बदलली नाहीत म्हणावं, तर पिष्ट पचवणारं अमायलेज लाळेत तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती पिष्ट खाणाऱ्या समाजांत सरासरीने जास्त असतात, हे २००७ सालीच दाखवून झालंय. आणि पूर्वजच हवे असतील तर एवढं लांब कशाला? शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वी तिथली माणसं सातू पिकवून खात होती असं निघालं. पण एसटीने जाता येईल इतके जवळचे पूर्वज कोणालाच नको असतात. ते उलट साक्ष देतात. त्यापेक्षा गुहेतला बरा, पढवलेल्या साक्षीदारासारखा विचारलं तेवढंच बोलतो.

या कथेत खलनायकही ठरलेला, इन्शुलिन. कर्बोदकं खाल्ली की ते वाढतं आणि चरबी साठवतं, हा त्याच्यावरचा आरोप. पंगतीत जिलबी आली की पूर्वी लोक पानावर आडवा हात धरून ‘पुरे, पुरे’ म्हणत. आता ‘इन्शुलिन वाढतं’ म्हणतात. टोरांटोत जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला हेच इन्शुलिन टोचलं, तोवर अशा मुलांची कर्बोदकं तोडून त्यांना जवळजवळ उपाशी ठेवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हतं. मुलं तरीही जात. तो शोध फ्रेडरिक बँटिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांचा. आणि गंमत बघा, पाव, साखर, बटाटा सोडून आपण कसे उतरलो याची पुस्तिका १८६३ साली काढणारा लंडनचा गृहस्थही बँटिंगच, विल्यम बँटिंग. हा व्यवसायाने अंत्यविधीचा कंत्राटदार. लोक निरोगी झाले तर आपलं दुकान बसेल याची पर्वा न करता त्याने सल्ला दिला. इतका निःस्वार्थ आहारतज्ज्ञ पुन्हा झाला नाही.

बरं, मांस खाल्लं की इन्शुलिन झोपून राहतं म्हणावं, तर सिडनीत १९९७ साली मोजलं तेव्हा बीफ आणि मासे पास्त्याच्या पुढे निघाले. स्टॅनफर्डने ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवलं. २०१८ साली निकाल आला. स्निग्ध कमी करणारे सरासरी ५.३ किलो उतरले, कर्बोदकं कमी करणारे ६ किलो. फरक नगण्य. ज्यांचं इन्शुलिन जास्त सुटतं त्यांना कर्बोदकं तोडल्याचा खास लाभ होईल, ही आशाही फळली नाही.

मधुमेह्याने भात आवरला की साखर उतरते, यात मात्र वाद नाही. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला काटकुळा पुणेकर आतून असा गुबगुबीत. भाताची मूद लहान करायला एवढं कारण पुरे. पण लहान मूद घेणारा माणूस चारचौघांत भाषण कशावर देणार? पंचवीस लाख वर्षांचा आधार असला की कसं, समोरचा निमूट ऐकतो.

परवा पितृपंधरवड्यात आमच्या इमारतीतल्या अशाच एका शिकाऱ्याने गुरुजींना फोन लावला. पितर आपलेच, त्यांची जनुकं आपलीच, तेव्हा भाताऐवजी फ्लॉवरचे पिंड चालतील का? गुरुजींनी क्षणभर विचार केला. म्हणाले, ‘‘शास्त्रात आधार नाही. पण हरकतही कोणी घेतलेली नाही. दक्षिणा मात्र तीच राहील, आणि माझ्या पानात भात वाढा.’’