बाटलीतली मळी

माझं लहानपण प्रवरेच्या काठी, मळीच्या वासात गेलं. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली आमच्या भागात सुरू झाला, आणि वारा फिरला की पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. त्या वासापासून लांब जावं म्हणून मी शिकलो आणि थेट मिशिगनात पोचलो. तर इथेही ऑक्टोबर लागला की बे सिटीच्या बाजूला बिटांचे डोंगर! आपल्या कोशिंबिरीतलं लाल बीट नव्हे, साखरेचं पांढरं. अमेरिकेत पिकणारी निम्म्याहून जास्त साखर बिटाचीच. नशीब, दुसरं काय.

गेल्या हिवाळ्यात माझ्या रक्तात होमोसिस्टीन नावाचं एक द्रव्य वाढलेलं निघालं. मंडळाच्या हळदीकुंकवाला, बायका आत वाण लुटत असताना, एका दंडवाल्या तरुणाने मला कोपऱ्यात घेतलं. "काका, बीटेन घ्या. मी व्यायामासाठी रोज अडीच ग्रॅम घेतो. मिथाइल देतं ते." शेजारणीने वाटीभर साखर दिल्यासारखं तो सांगत होता, आणि प्रकार खरंच तसा आहे. बीटेनकडे तीन मिथाइल असतात. त्यातला एक ते यकृतात होमोसिस्टीनला देतं आणि त्याचं मेथिओनीन होऊन जातं. वाटी परत मागत नाही, एवढाच शेजारणीत आणि त्याच्यात फरक.

दुकानात 'बीटेन' एवढं वाचलं आणि बाटली उचलली. सकाळी रिकाम्या पोटी एक गोळी, वर कडक चहा. अर्ध्या तासात छातीत होळी पेटली. बायकोने चष्मा लावून लेबल वाचलं.

"अहो, हे बीटेन हायड्रोक्लोराइड आहे. पोटात आम्ल कमी पडतं त्यांच्यासाठी."

आम्ल कमी पडणारा मराठी माणूस मी तरी पाहिलेला नाही. पित्त ही आमची वडिलोपार्जित इस्टेट. तिच्यात मी डॉलर मोजून भर घातली. पाचक म्हणून याचा पुरेसा पुरावा नाही, असं सांगून इथल्या औषध-नियामक एफडीएने १९९३ साली ते औषधांतून काढलं होतं. पूरक आहार म्हणून मात्र ते फळीवर मजेत बसलंय. खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं: हे विधान एफडीएने तपासलेलं नाही. आमच्या गावचा ज्योतिषी एवढा प्रामाणिक नव्हता.

मग खरी बाटली आणली. तिच्यावर 'बिटाच्या मळीपासून' असं छापलेलं. मी दोनदा वाचलं. उसाच्या मळीची आमच्याकडे दारू गाळतात. बिटाच्या मळीतून इथे हे काढतात. रात्री आईला फोनवर सांगितलं.

"मळी? आणि तू विकत घेतलीस?"

"गव्हाच्या कोंड्यातही असतं, आई. शंभर ग्रॅमला एक ग्रॅमच्या वर. पालकातही असतं."

"कोंडा तर आपण म्हशीला घालायचो."

थोडा वेळ दोघंही गप्प बसलो. म्हैस शेवटपर्यंत ठणठणीत होती.

डॉक्टरीणबाईंनी बाटली हातात घेतली आणि हसल्या. होमोसिस्टिन्युरिया नावाचा एक दुर्मीळ, जन्मजात आजार आहे; त्यासाठी बीटेनला १९९६ साली एफडीएची मान्यता मिळाली, मोठ्यांना दिवसाला सहा ग्रॅम. तिथे ते खरंखुरं औषध आहे. बाकीच्यांचं होमोसिस्टीन त्याने उतरतं खरं, पण जास्त घेतलं तर कोलेस्टेरॉल चढू शकतं. "तुम्ही शाकाहारी ना? बी-१२ कमी पडलं तरी होमोसिस्टीन वाढतं. मग आधी ते बघू."

बी-१२ तळाला गेलेलं होतं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने शहरातले आणि खेड्यातले पुरुष तपासले होते, तेव्हा त्यातल्या सुमारे दोन तृतीयांशांचं बी-१२ कमीच निघालं होतं. म्हणजे सातासमुद्रापार येऊनही मी बहुमतातच. बी-१२ सुरू केलं आणि तीन महिन्यांत होमोसिस्टीन जागेवर आलं.

मळीची बाटली जवळजवळ भरलेली आहे. कोणाच्या दंडांना हवी असेल तर घेऊन जा. आम्लाची मात्र मागू नका. बायकोने लेबल वाचलं त्याच दिवशी ती कचऱ्यात गेली.