ओव्हरड्राइव्ह पेडल कसं निवडावं: वेरूळ व पंचक्रोशीतील नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

सर्वप्रथम पात्रता. अर्जदाराकडे इलेक्ट्रिक गिटार असावी. नसली तरी पुढे वाचायला हरकत नाही. या छंदात गिटार न वाजवता नुसतं पेडलांवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि वाजवणारे त्यांचंच ऐकतात. वयाची वा शिक्षणाची अट नाही. घरच्यांची संमती आवश्यक आहे. ती पेडल घरी आल्यावर घ्यावी. किंमत विचारली तर एक शून्य गाळून सांगावी. ही प्रथा जगभर आहे, आपण मोडू नये.

आता ही डबी करते काय? इतर गावांत हे समजावताना आकृत्या काढाव्या लागतात. वेरूळकराने फक्त सोळा नंबरच्या लेण्याला वळसा घालून कड्यावर चढावं आणि कैलासाकडे वरून बघावं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठव्या शतकाचा उत्तरार्ध. कारागिरांनी पायापासून बांधकाम केलं नाही. डोंगराच्या माथ्यावरून छिन्नी लावली आणि नको तो दगड काढत खाली उतरले. पेडलच्या आत हेच चालतं. तारेचा आवाज म्हणजे लहर: चढ, माथा, उतार. पेडल ती लहर आधी वाढवतं, आणि ठरावीक उंचीच्या वर गेलेले माथे छाटून टाकतं. छाटलेल्या लहरीत मूळ सुराचे वरचे स्वर उगवतात आणि आवाज भरदार, खरखरीत, जरा चिडलेला होतो. माथा गोलाईने उतरवला तर ओव्हरड्राइव्ह, सपाट तासला तर डिस्टॉर्शन, आणि लहरीचा पार चौकोनी ठोकळा केला तर फझ. शेजाऱ्यांना या तिन्हींतला फरक कळत नाही. त्यांना समजावायला जाऊ नये.

छिन्नीचं काम करतात डायोड, तांदळाच्या दाण्याएवढे. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टला छाटायला लागतो, जर्मेनियमचा त्याच्या निम्म्यालाच. गिटारच्या पिकअपमधून येणारा विद्युतदाब व्होल्टच्या एखाद-दोन दशांशाइतका, म्हणून आधी तो वाढवावा लागतो. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमर या पेडलमध्ये ड्राइव्हचं बटण शून्यावर असलं तरी तो सुमारे १२ पट वाढतो, पूर्ण फिरवलं की ११८ पट. हा ११८चा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

थोडा इतिहास तोंडपाठ असावा, दुकानात पत वाढते. या आवाजाचा जन्म नादुरुस्त सामानातून झाला. १९५१ साली ‘रॉकेट ८८’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात गिटारवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर खराब झालेला होता. आत कागद कोंबून वेळ मारून नेली आणि जो फाटका आवाज निघाला तो लोकांना आवडला. गिटारवाल्या लिंक रेने १९५८ साली स्पीकरच्या कागदाला मुद्दाम भोकं पाडली. १९६०च्या सुमारास नॅशव्हिलमध्ये मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनची गिटार घोगरी झाली. १९६४ साली लंडनच्या डेव्ह डेव्हिसने स्पीकर ब्लेडने चिरला. असा धडधाकट सामान मोडण्याचा खर्च वाढत चालल्यावर पेडल कंपन्यांनी गिऱ्हाइकाची सोय पाहिली: मेस्ट्रोचं फझ १९६२, बॉसचं ओडी-१ १९७७, ट्यूब स्क्रीमर १९७९च्या सुमारास, बॉसचंच एसडी-१ १९८१. चांगल्या सामानातून बिघडलेल्या सामानाचा आवाज काढून देणं हा तेव्हापासून रीतसर धंदा आहे.

वेरूळचा दावा याहून जुना आहे. कैलास हलवणारा रावण लेण्यात सगळ्यांनी पाहिलेला असतो. पुढची कथा अशी की शिवाने अंगठ्याने पर्वत दाबला, रावण खाली चेपला गेला, आणि सुटकेसाठी त्याने स्वतःच्या शिरा तारांसारख्या ताणून त्यावर सामगायन केलं. वरून डोंगराचा दाब आणि खाली ताणलेल्या तारा. आवाज स्वच्छ आला असेल असं वाटत नाही. शंकर मात्र प्रसन्न झाले, तेव्हा श्रोत्यांबद्दल आशा सोडू नये.

यानंतर खरेदी. पहिली खरेदी पेडलची नव्हे, अ‍ॅम्प्लिफायरची, आणि बहुतेक नवशिके इथेच घसरतात. ओव्हरड्राइव्ह पेडल मुळात व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला पुढून ढकलण्यासाठी जन्मलं. निम्मा आवाज पेडलचा, निम्मा आधीच तापलेल्या व्हॉल्व्हचा. आपल्याकडे व्हॉल्व्ह शेवटचे पाहिले ते आजोबांच्या रेडिओत. तुमच्याकडे असणार तो दहा वॉटचा ट्रान्झिस्टरवाला ठोकळा. त्याच्यापुढे महागडं पेडल लावलं की महागडी कुरकुर ऐकू येते. दहा वॉटवाल्याने पेडलवर दोन हजारांपेक्षा जास्त खर्च करण्याआधी त्याच ठोकळ्यावरचं ‘गेन’ लिहिलेलं बटण फिरवून पाहावं. अनेकांचा शोध तिथेच संपतो आणि पैसे वाचतात. हे मी दुकानदारांच्या माघारी सांगतोय.

दुसरा मार्ग मंडपवाल्याचा. गावात सत्यनारायणापासून सत्कारापर्यंत जो अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंगा येतो, त्याच्या माइकच्या भोकात गिटार लावून पाहण्याचा मोह प्रत्येक वाजवणाऱ्याला एकदा होतोच. तिथे पेडलची गरजच पडत नाही. ते भोक माइकच्या मिलिव्होल्टी कुजबुजीसाठी केलेलं. गिटारचा त्याच्या शंभर-दोनशे पट मोठा सिग्नल आत शिरला की लहरीचे माथे दारातच उडतात. मंडपवाला लांबून ओरडतो, “आवाज फाटायलाय रे, कमी कर!” परदेशात याच फाटण्यासाठी लोक कर्ज काढतात, हे त्याला सांगून उपयोग नाही. भोंग्याला खालचे सूर मुळातच काढता येत नाहीत. ट्यूब स्क्रीमरही सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग छाटायच्या आधीच पातळ करतं, म्हणजे बास आणि ढोलाच्या गर्दीतून गिटार वर यावी. दोघं एकत्र आले की गिटार नुसती नाकात बोलते. शिवाय फाटका सिग्नल सतत दिला तर भोंग्याच्या आतलं युनिट जळतं आणि त्याची भरपाई मंडपवाला गिटारवाल्याच्या वडिलांकडून घेतो.

वरातीतला बँजो या बाबतीत आपल्या सगळ्यांच्या पुढे गेलेला आहे. मूळ वाद्य जपानचं, नागोयात १९१२ साली निघालेलं ताइशोगोतो. टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं, त्याला पिकअप बसला, गाडीवर भोंगे चढले, आणि फाटक्या, चढ्या, लोचदार आवाजात त्याने दोन-तीन पिढ्यांच्या नवरदेवांना घोड्यावरून मांडवात आणून सोडलं. बँजोवाल्याला टोनवर व्याख्यान देता येत नसेल. पण रस्त्यावरच्या गोंगाटातून सूर वर काढायचा तर किती फाटू द्यायचा आणि कुठे थांबायचं हे त्याच्या हाताला माहीत असतं. नवशिक्याने पेडलांची परीक्षणं पाहण्यात घालवायची एक संध्याकाळ त्याच्या गाडीमागे चालण्यात घालवावी. जेवण वऱ्हाडाकडे.

आता नावं. ट्यूब स्क्रीमर हिरवं. मधले सूर पुढे आणतं, वाजवणाऱ्याच्या चुका थोड्या झाकतं. स्टीव्ही रे व्हॉन ते वापरायचा, आणि ते घेतलं की आपण तसे वाजवू असं प्रत्येकाला आठवडाभर वाटतं. एसडी-१ पिवळं, त्यात एका बाजूला दोन डायोड आणि दुसऱ्या बाजूला एक, त्यामुळे लहरीच्या वरच्या आणि खालच्या अंगाची छाटणी सारखी होत नाही आणि आवाज जरा रांगडा राहतो. बॉसचं ब्लूज ड्रायव्हर, १९९५चं, निळं. हळू वाजवलं तर स्वच्छ, जोरात वाजवलं तर भांडखोर. ते चुका झाकत नाही, म्हणून नवशिक्याने लांब राहावं किंवा मुद्दाम घ्यावं. आणि क्लॉन सेंटॉर: बिल फिनेगनने १९९४ पासून आठेक हजार नग बनवले, आतला सर्किटबोर्ड काळ्या राळेत बुजवून टाकला, आणि त्यामुळे आत काय आहे याची इतकी चर्चा झाली की आज जुना नग लाखांत विकला जातो. लोकांनी राळ खरवडून आत पाहिलंच. आत जे होतं ते स्वस्तात नकललं गेलं. पुढे फिनेगनने नव्या पेडलवर छापूनच टाकलं की हा हास्यास्पद गाजावाजा माझा नाही. असं छापणारा दुकानदार दुर्मीळ, म्हणून मला तो आवडतो.

ट्यूब स्क्रीमरच्या आत आठ पायांचा एक आयसी असतो, ४५५८. जुन्या बनावटीच्या ४५५८साठी परदेशातले लोक हळवे होतात आणि जादा पैसे मोजतात. हाच ४५५८ तुमच्या ओळखीच्या टीव्ही-रिपेअरवाल्याच्या डब्यात पडलेला असतो, कारण जुळवलेल्या होम थिएटरच्या बास-ट्रेबल पट्टीवर तो हटकून लागतो. चहाच्या दोन कपांच्या किमतीत मिळेल. त्याच्याकडे सोल्डरिंग, डायोड, पॉट, सगळं आहे. नाही ती फक्त आपण एका दंतकथेवर बसलो आहोत याची कल्पना. सर्किटचा नकाशा जगजाहीर आहे. तो छापून त्याच्याकडे न्यावा आणि चहा आपण सांगावा.

दुकानात परीक्षा कशी घ्यावी? तिथला पोरगा आधी स्वतः वाजवून दाखवतो. ते ऐकायचं नाही, ते पेडल नसून तो पोरगा असतो. ड्राइव्ह शून्यावर आणा, टोन मध्यावर. मग लेव्हल अशी लावा की पेडल चालू-बंद केलं तरी आवाजाची पातळी सारखी राहील. हे कुणीच करत नाही. जे जास्त मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, आणि निम्मी पेडलं एवढ्यावरच खपतात. पातळी जुळवून झाल्यावर नुसता सा आणि प एकत्र छेडा, मग त्यात गंधार घाला. ओव्हरड्राइव्हमध्ये एकाच वेळी वाजणारे सूर एकमेकांत मिसळून तिसरेच सूर तयार करतात. सा-पचे ते सूर सुरात बसतात, गंधार आला की चिखल होतो. चिखल किती होतो ते ऐका. शेवटी गिटारवरचा व्हॉल्यूम निम्मा करा. आवाज निवळला तर पेडल घ्या, तसाच गढूळ राहिला तर ठेवा. ट्रू बायपास की बफर, यावर वाद घालणाऱ्याला दुकानात सोडून बाहेर या.

जोडणीचे धोके. घराला अर्थिंग नसेल तर स्पीकरमधून ५० हर्ट्झची गुणगुण कायम येते. ती साधारण पांढरी पाचच्या खर्जात असते, म्हणजे तंबोऱ्याचा खर्च वाचला म्हणायला हरकत नाही. पण पेडल तीही वाढवतं. ११८ पट. आधी अर्थिंग करून घ्या, ते पेडलपेक्षा स्वस्त पडतं आणि फ्रिजलाही चालतं. अडॅप्टर नऊ व्होल्टचा आणि मधलं टोक ऋण असलेला हवा. घरात पडलेला सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर बहुधा बारा व्होल्टचा असतो आणि त्याचं मधलं टोक धन असतं. तो बसतो बरोब्बर, आणि नेमकी तीच अडचण आहे. बॅटरीवर वाजवलं तर झाल्यावर केबल काढून ठेवा. पेडल बंद असलं तरी पिन आत असेल तोवर बॅटरी उतरत राहते.

जागा. दहा नंबरच्या लेण्यात, सुताराच्या झोपडीत, आवाज असा घुमतो की गाईड सूर लावून दाखवल्याशिवाय पुढे जात नाहीत. तिथे अ‍ॅम्प्लिफायर नेण्याची कल्पना सुचली असेल तर ती पुरातत्त्व खात्याच्या माणसासमोर बोलू नका. वेरूळ महोत्सवसुद्धा कैलासासमोरून संभाजीनगरच्या सोनेरी महालात हलला, तुमचा काय पाड? घरीच वाजवा, पण शेजाऱ्यांना जपून. चार-पाच किलोमीटरवर खुलताबादेत औरंगजेब झोपला आहे. त्या काळचा प्रवासी मनुची याने लिहून ठेवलंय की बादशहाने गाणं बंद केल्यावर गवय्यांनी संगीताची तिरडी काढली तेव्हा, चांगलं खोल पुरा, असं तो म्हणाला. गोष्ट खरी असो-नसो, शेजाऱ्याला पहाटे पाचला उठायचं असलं की त्याचंही मत तेच पडतं.

निवाडा हवा असेल तर घ्या: एसडी-१ घ्या, जमलं तर वापरलेलं. नवं घेतलं तरी पाच आकड्यांच्या आत बसतं, लोखंडासारखं टिकतं आणि विकायला काढलं तर दोन दिवसांत जातं. ड्राइव्हचं बटण घड्याळातल्या नऊवर ठेवा. एकटं वाजवताना ते कमी वाटेल, तबलेवाला आणि कीबोर्डवाला शेजारी बसले की पुरेल. दुसरं पेडल निदान वर्षभर घेऊ नका. सरावाला मंगळवार धरा. मंगळवारी लेणी बंद असतात, पर्यटक नसतात, आणि गाईड, हॉटेलवाले, फोटोवाले अशा गावातल्या बहुतेक वाजवणाऱ्यांना तेवढीच सवड असते. रात्री दहाला बंद करा.