उरलेले दोन अंक

माणूस अडचणीत आला की कुणी पोथी उघडतं, कुणी पत्रिका. मी नाटक उघडतो. फक्त कुठलं, ते जपून ठरवावं लागतं. नोकरीत खटका उडालेला असताना ‘एकच प्याला’ हातात घेऊ नये. सुधाकराची सनद गेल्यावर धीर द्यायला तळीराम आला होता, हे आठवतं आणि आपल्याला धीर देणाऱ्या प्रत्येकाकडे आपण रोखून पाहू लागतो. ‘नटसम्राट’ तर निवृत्तीच्या आसपास कुलपातच असावं. सून बिचारी चहाला विचारायला येते आणि आपण मनातल्या मनात घर सोडायच्या तयारीला लागतो.

खरा गुण येतो तो अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’ने. सुभद्रेची अवस्था बघा. थोरल्या दादाने लग्न दुर्योधनाशी ठरवलेलं, अर्जुन तीर्थयात्रेला गेलेला, आणि कृष्ण, निदान वरवर तरी, दादाच्या होला हो करतोय. त्यात भर म्हणून एक राक्षस तिला उचलून नेतो! पण तो राक्षस निघतो घटोत्कच, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याचा पुतण्या. आणि बलरामदादा ज्या यतीला मोठ्या भक्तीने घरी ठेवून घेतात, बहिणीला ज्याच्या सेवेला लावतात, तो तर खुद्द अर्जुनच. सगळा बेत आधीच शिजलेला. ठाऊक नसतो तो फक्त जिच्यावर गुदरलंय तिला. माझ्या संकटांमागे असा कुणी कृष्ण आहे की नाही, देव जाणे. पण अंगावर आलेल्या राक्षसाला आधी आडनाव विचारावं, एवढं मी शिकलोय.

शिवाय संगीत नाटकातल्या मंडळींची एक गोष्ट मला फार भावते. कितीही आणीबाणी असो, पद आलं की ते सावकाश, ताना घेऊन म्हणायचं. वन्समोअर आला तर पुन्हा म्हणायचं. तोवर संकट विंगेत ताटकळतं.

१८८२ च्या नोव्हेंबरात पुण्यात ‘सौभद्रा’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा तीनच अंक झाले. उरलेले दोन पुढच्या वर्षी. कथा सगळ्यांना पाठ होती म्हणा. तरी सुभद्रेचं लग्न अधांतरी ठेवून लोक घरी गेले, झोपले, सकाळी आपापल्या कामाला लागले. मीही सध्या तिसरा अंक आटोपून तसाच बसलोय. घराच्या हप्त्यासाठी बँकेचा फोन येतो, तेव्हा मात्र ‘उरलेलं पुढच्या वर्षी’ हे त्यांच्या गळी उतरत नाही. किर्लोस्करांचा प्रेक्षक अधिक समजूतदार होता.